घटस्फोटानंतर बाप मुलांपासून का तुटतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वडिलांकडून येतात. पण आयांकडून, आजी-आजोबांकडून आणि आता मोठ्या झालेल्या मुलांकडूनही येतात. कलमं मुख्यतः हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांना धरून सांगितली आहेत. तुमच्या प्रकरणातला सल्ला तुमच्या वकिलाचाच घ्या. इथे वाट कुठे आणि कशी चुकते तेवढं मांडलं आहे.

१. घटस्फोट झाला की मूल आईकडेच जातं, असा कायदाच आहे ना?

नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. पाच वर्षं पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडे येतं, असाही त्याचा अर्थ नाही. त्याच कायद्याचं कलम १३ मुलाचं हित सगळ्यांच्या वर ठेवतं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातलं कलम १७ मुलाचं वय, लिंग, धर्म, पालकाची कुवत आणि समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची इच्छा बघायला सांगतं.

१९५६ चा कायदा वडिलांना पहिला नैसर्गिक पालक मानतो आणि 'त्यांच्यानंतर' आईला. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ सैल केला : वडील हयात असूनही मुलाकडे बघत नसतील, तर आई पालक म्हणून पुढे येऊ शकते. गोव्यातल्या एका दांपत्याच्या प्रकरणात २०१५ साली याच न्यायालयाने सांगितलं, की पाच वर्षांखालचं मूल आईकडे का नसावं हे बापाने दाखवायचं. आपण लायक आहोत हे आईने सिद्ध करत बसायचं नाही.

प्रत्यक्षात बहुतेक ताबे निकालाने ठरतच नाहीत, संमतीने ठरतात. सही करताना बाप म्हणतो, "मूल तिच्याकडेच राहू दे." खरी अडचण त्या वाक्यापुढे काहीच लिहिलेलं नसतं तिथे सुरू होते (प्रश्न ५ पाहा).

२. ताबा नाही म्हणजे बाप म्हणून माझा काहीच हक्क उरला नाही का?

उरतो. ताबा म्हणजे मूल रोज कुणाकडे राहतं, एवढंच. भेटीचा हक्क, ज्याला कोर्टात सगळे 'ॲक्सेस'च म्हणतात, तो वेगळा. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला पुरेशी भेट मिळावी आणि भेटीखेरीज फोनवर, व्हिडिओ कॉलवरही बोलता यावं. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातही हा हक्क मुलाच्या नावे आहे. वारसाहक्कही घटस्फोटाने तुटत नाही. तुमचं मूल तुमचं पहिल्या वर्गातलं, म्हणजे सर्वांत आधी हक्क असलेलं, वारस राहतंच, तुम्ही बोलत असा वा नसा.

३. इतर धर्मांत वेगळं असतं का?

थोडं. हनफी मुस्लिम कायद्यात मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहण्याची रीत मानली आहे. पारशी आणि ख्रिस्ती विवाहांना त्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. पण वाद कोर्टात गेला की शेवटी सगळीकडे मुलाचं हितच तोललं जातं.

४. हक्क आहे, कायदा आहे, मग इतके बाप मुलांपासून तुटतात तरी कसे?

एका झटक्यात फार कमी तुटतात. 'तिने तोडलं' किंवा 'तो आलाच नाही', यांपैकी एकच गोष्ट पूर्ण खरी असते अशी प्रकरणं थोडी. बहुतेकांत आधी एक खंड पडतो, मग तो वाढत जातो.

पहिला खंड निकालाच्या कितीतरी आधीच पडतो. बायको मूल घेऊन माहेरी जाते. समजा, कोल्हापूरला. नवरा पुण्यात. मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या कोर्टात पालकत्वाचा अर्ज करायचा असतो, म्हणजे याला प्रत्येक तारखेला कोल्हापूर गाठायचं. तोवर तिकडून छळाची तक्रार झालेली असते आणि याचा वकील सांगतो, "सध्या तिच्या गल्लीतही फिरकू नका." सल्ला चुकीचा नसतो. पण भेटीचा अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा) अर्ज त्याच आठवड्यात करायला हवा, हे सांगायचं राहून जातं. दीड वर्षाच्या मुलासाठी सहा-आठ महिने म्हणजे बापाचा चेहरा विसरायला भरपूर वेळ. पहिल्या भेटीत मूल रडतं, आजीच्या पदराआड लपतं, आणि बाप घरी येऊन म्हणतो, "ते मला ओळखतच नाही."

दुसरं कारण संसार चालू असतानाचंच आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत बापाचं मुलाशी नातं बायकोमार्फत चालतं. वर्गशिक्षिकेचं नाव, कोणतं औषध चालत नाही, जवळचा मित्र कोण, सगळं तिला ठाऊक. ती मधून गेली की बापाकडे प्रेम असतं, पण मुलाच्या रोजच्या आयुष्यात शिरायला दार नसतं.

तिसरं कारण याच्या उलट आहे आणि ऐकून लोक चकित होतात. कॅनडातले संशोधक एडवर्ड क्रुक यांना कॅनडा आणि स्कॉटलंडमधल्या वडिलांच्या अभ्यासात दिसलं, की लग्न टिकून होतं तेव्हा मुलांत सर्वांत जास्त रमलेल्या बापांपैकीच पुष्कळजण नंतर पूर्ण तुटले. ज्याने रोज मुलाला न्हाऊ घातलं, रात्री गोष्ट सांगून झोपवलं, त्याला पंधरा दिवसांतून दोन तास 'पाहुणा' होऊन येणं सोसत नाही. आपल्याकडच्या बापांच्या बोलण्यातही हे सतत येतं : "दर वेळी परत सोडताना जीव जातो, त्यापेक्षा नकोच." बाहेरून हे बेपर्वाईसारखं दिसतं.

चौथं कारण पैसा. नोकरी गेली, पोटगी थकली, वसुलीसाठी वॉरंट निघेल या भीतीने माणूस कोर्टाचं तोंड चुकवू लागतो, आणि भेट कोर्टाच्याच आवारात असल्यामुळे मूलही चुकतं. उत्पन्न घटलं असेल तर दडून राहू नका, पोटगी कमी करून मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली (जुनं १२७) तसा अर्ज करता येतो.

आणि घरचे लोक. "पोरगं त्यांचंच झालं आता, तू कशाला तोंड दाखवायला जातोस?" असं म्हणणारी आत्या किंवा काका बहुतेक घरांत सापडतो. त्यावरचं नेहमीचं उत्तर, "मोठं झालं की येईल आपणहून." या एका वाक्याने जेवढे बाप मुलांपासून तुटले, तेवढे कोणत्याही कोर्टाच्या हुकमाने तुटले नसतील. आठ वर्षांचं मूल अठराचं होताना मधली दहा वर्षं कुणी वाट बघत होतं, हे त्याला कुठून कळणार?

५. संमतीने घटस्फोट घेतोय. 'भेटीचं परस्पर समजुतीने ठरवू' असं लिहिलंय. चालेल का?

चालत नाही. समजूत होती तर घटस्फोट कशाला झाला असता? आज दोघं शहाण्यासारखी वागत असतील. उद्या एकाचं दुसरं लग्न ठरेल, एकाची बदली होईल. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे संमतीच्या लेखी अटींत, निदान हे असू द्या :

वार आणि वेळ, मूल कुठून घ्यायचं आणि कुठे सोडायचं, रात्रीचा मुक्काम कधीपासून, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, गणपती कुणाकडे, कारण दोन्ही घरी दीड दिवसाचा असेल तर तंटा ठरलेला, वाढदिवस, व्हिडिओ कॉलचा वार, मूल आजारी पडलं तर बुडालेली भेट कधी भरून द्यायची, पत्ता किंवा फोन बदलला तर किती दिवसांत कळवायचं, शाळा आणि डॉक्टर यांच्याकडून दोघांनाही माहिती मिळेल.

शाळेची ओळ विसरू नका. प्रगतिपुस्तक मागायला गेलेल्या बापाला मुख्याध्यापक आधी कोर्टाचा कागद विचारतात. तिथे ही ओळ दाखवता आली की बोलणं दोन मिनिटांत संपतं.

विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली होती. तसा कायदा झालेला नाही, पण दोघांची तयारी असेल तर संमतीच्या अटींत तसं लिहून घेता येतं. लिहिलेल्या अटी पुढे बदलताही येतात. ताब्याचा आणि भेटीचा हुकूम कायमचा कधीच नसतो, परिस्थिती बदलली की हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली पुन्हा अर्ज होतो.

६. मी पोटगी वेळेवर भरतो, तरी ती मूल भेटू देत नाही. पोटगी थांबवू का?

नको. पोटगी मुलाच्या पोटासाठी असते, भेटीची फी म्हणून नव्हे. थांबवलीत की थकबाकीदार तुम्ही ठरता आणि न्यायाधीशांपुढे तुमची भेटीची तक्रार दुबळी होते.

हेच दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. पोटगी थकली म्हणून आईला भेट बंद करता येत नाही. दोन्ही गोष्टींचे मार्ग वेगळे आहेत : थकबाकीला वसुलीचा अर्ज, चुकवलेल्या भेटीला प्रश्न ७.

७. हुकूम आहे, पण ठरल्या दिवशी मूल आणतच नाहीत. पोलिसांत जाऊ का?

पोलीस बहुधा "कोर्टाचं आहे, कोर्टात जा" म्हणतात. काम कागदावर करा. प्रत्येक वेळी ठरल्या जागी, ठरल्या वेळी हजर राहा, ती येणार नाही हे माहीत असलं तरी. भेट कोर्टाच्या आवारात असेल तर समुपदेशकाकडे नोंद करून घ्या. पुढच्या तारखेला ते रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) आणा. बाहेर असेल तर "मी आलो आहे, वाट बघतो आहे" असा एक साधा मेसेज टाका. त्यात टोमणा नको. तो मेसेज उद्या न्यायाधीश वाचणार आहेत.

दोन-तीन भेटी बुडाल्या की त्याच कौटुंबिक न्यायालयात अंमलबजावणीची दरखास्त करा, सोबत बुडालेल्या भेटी भरून मिळण्याचा अर्ज. कोर्टाच्या अवमानाचा मार्गही आहे. तो शेवटी उच्च न्यायालयापुढे जातो आणि त्याला एक वर्षाची मुदत आहे. पण पहिल्याच महिन्यात अवमानाची भाषा काढली की समोरची बाजू घट्ट होते. आधी समुपदेशकासमोर एक बैठक मागून बघा. तिथे कधी कधी कळतं, की मूल न आणण्याचं कारण भेटीची वेळ ट्यूशनच्या वेळेत पडते, इतकंच होतं.

शाळेतून परस्पर मूल उचलून आणू नका. ताब्याचा हुकूम आईच्या बाजूने असताना असं केलंत, तर पुढच्या सगळ्या भेटी देखरेखीखाली होतील, आणि मुलाला तो दिवस लक्षात राहील.

८. महिन्यातून दोनदा, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, तास-दोन तास. एवढ्यात नातं काय टिकणार?

ही व्यवस्था कुणालाच आवडत नाही, ती सुरुवात म्हणून असते. नियमित गेलात तर पुढच्या अर्जात बागेतली, मग घरची, मग मुक्कामाची भेट मागता येते. तुमची हजेरी हाच पुरावा.

पण आत काय होतं ते बघा. बाप वेफर्सची मोठी पाकिटं आणि रिमोटची गाडी घेऊन येतो. मूल दहा मिनिटं गाडी फिरवतं. मग : "शाळा कशी चाललीय?" "छान." "अभ्यास?" "चाललाय." "मम्मी काय म्हणते?" इथे मूल दाराकडे बघतं. दाराबाहेर बाकावर आई बसलेली असते. हा प्रश्न कधीच विचारू नका. घरी गेल्यावर त्याला दुसऱ्या बाजूचा तोच प्रश्न असतो : "बाबा काय म्हणाले?"

खेळण्यापेक्षा पुढच्या भेटीपर्यंत पुरेल असं काहीतरी न्या. एक गृहस्थ दर भेटीला एक दोनशेपानी वही आणत. बाप-लेक नाव-गाव-फळ-फूल खेळत, गुणांची बेरीज मागच्या पानावरून पुढे चालू. 'ढ' आला की दोघंही फळापाशी अडत आणि पुढच्या भेटीपर्यंत शोधून आणायचं ठरे. मुलगी शाळेत बाईंना विचारायची, ऑफिसात हे सहकाऱ्यांना. वर्षभराने तिनेच विचारलं, "वही तुमच्या घरी कुठे ठेवता?" पुढे घरची भेट मागताना या प्रश्नाचा समुपदेशकांच्या अहवालात उल्लेख आला.

९. मूलच म्हणतं, "मला बाबांना भेटायचं नाही." ते शिकवलेलं असतं का?

कधी असतं, कधी नसतं. आधी स्वतःला विचारा, की मुलाने घरात काय पाहिलं होतं. आईवर उगारलेला हात पाहिलेलं मूल घाबरत असेल, तर ते त्याचं स्वतःचं मत आहे.

मूल एका पालकाविरुद्ध फितवलं जातं या कल्पनेला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ साली आजाराचं नाव दिलं. तो आजार म्हणून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या यादीत आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये तो शब्द आपल्या सूचीतून काढला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१७ च्या एका निकालात या कल्पनेचा आधार घेतला. त्या प्रकरणात मूल बापाकडे होतं आणि आईपासून तुटलं होतं. तेव्हा हे फक्त आयाच करतात असं मानू नका.

आजार म्हणा वा न म्हणा, मुलाचे कान भरले जातात हे मात्र खोटं नाही. ओळखायची एक खूण : मुलाच्या तोंडी मोठ्यांचे शब्द येतात. सात वर्षांचं मूल "तुम्ही खोटं ॲफिडेव्हिट केलंत" म्हणालं, तर ते कुठून आलं हे सांगायला नको. पण तिथे "हे तुला आईने शिकवलं ना?" म्हणालात, की मुलाला आईची बाजू घ्यावीच लागते. त्यापेक्षा "तुला असं ऐकून राग आला असेल" एवढं पुरे. अर्ज करायचा तर मुलाशी न्यायाधीशांनी स्वतः बोलावं आणि बालमानसतज्ज्ञाचा अहवाल मागवावा, असा करा.

१०. ती मुलाला घेऊन परदेशी गेली. आता?

अवघड आहे. मुलांच्या सीमापार नेआणीबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, म्हणून मूल परत आणण्याची ठरीव सरकारी वाट नाही. त्या देशातल्या कोर्टात जावं लागतं. उलट, परदेशातून मूल इथे आणलं गेलं असेल तर इथल्या उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा असा, अर्ज होतो. तिथेही परदेशी हुकमापेक्षा मुलाचं हित आधी बघतात. जाण्याची कुणकुण लागली असेल, तर कोर्टाच्या परवानगीविना मूल देशाबाहेर नेऊ नये असा मनाई हुकूम आधीच मागा. गेल्यावर फार थोडं हातात उरतं.

तुम्हीच दुबईला किंवा न्यू जर्सीला असाल, तर प्रश्न ५ मधला व्हिडिओ कॉलचा वार जपा. मुलाची झोपायची वेळ सांभाळा, तुमच्या सोयीची नव्हे.

११. माझं दुसरं लग्न झालं. भेट बंद होईल का?

कायद्याने नाही. पण नव्या घरात मूल येण्याआधी नव्या बायकोशी आणि मुलाशी स्वतंत्रपणे बोला. "ही तुझी नवी मम्मी" हे वाक्य टाळा.

१२. तिच्या नव्या नवऱ्याला मुलाला दत्तक घ्यायचंय. माझ्या संमतीशिवाय होईल?

हिंदू दत्तक कायद्याच्या कलम ९ प्रमाणे आई-वडिलांपैकी एकाने मूल दत्तक द्यायचं तर दुसऱ्याची संमती लागते. तो संन्यासी झाला असेल, हिंदू राहिला नसेल किंवा कोर्टाने मनोविकल ठरवला असेल, एवढेच अपवाद. सही करण्याआधी दहा वेळा विचार करा; दत्तकविधान एकदा झालं की मागे फिरत नाही.

मधल्या नावाबद्दलही विचारतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत महाराष्ट्रात मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. त्याआधीच्या मुलाच्या नावातून वडील गाळल्याचं दिसलं तर तोही मुद्दा कोर्टापुढे मांडता येतो. पण खरं सांगायचं तर नावासाठी लढण्याची ताकद आधी भेटीवर खर्च करा.

१३. आम्ही आजी-आजोबा आहोत. आम्हाला काही हक्क?

स्वतंत्र कलम नाही. पण मुलाच्या हिताचं असेल तर कोर्ट भेट देऊ शकतं, आणि तुमचा मुलगा नातवंडाच्या भेटीला जातो त्या वेळात तुम्ही बरोबर असावं अशी अट लिहून घेणं सगळ्यांत सोपं. तिथे सुनेबद्दल एक अक्षर काढू नका.

१४. मी आई आहे. तो मारायचा. तरीही मूल भेटवावं लागेल का?

घाबरून गप्प राहू नका, कोर्टाला सांगा. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ प्रमाणे बापाची भेट मुलाला अपायकारक वाटली तर न्यायदंडाधिकारी ती नाकारू शकतात. मधला मार्ग म्हणजे देखरेखीखालची भेट. मात्र कोर्टाचा हुकूम असताना स्वतःच्या मनाने भेट थांबवू नका. तो बदलून घ्या.

१५. मीही आईच. भेटीचा हुकूम आहे, पण तोच येत नाही. मुलगा खिडकीत उभा राहतो. काय सांगू?

बापाला बळजबरीने भेटीला आणणारी तरतूद नाही. "त्याला तू नकोसा आहेस" म्हणू नका आणि "बाबांना खूप काम असतं" असं दर वेळी खोटंही नको; मूल ते ओळखतं. "आज बाबा आले नाहीत. का ते मला माहीत नाही. यात तुझी काही चूक नाही." एवढं बास. आणि भेटीच्या दिवशी आधीच एक दुसरा बेत ठेवा, म्हणजे सबंध दुपार खिडकीत जाणार नाही. तो का येत नसेल याची काही कारणं प्रश्न ४ मध्ये आहेत. ती सबब म्हणून नव्हे, माहिती म्हणून वाचा.

१६. पाच-सहा वर्षं गेली. आता अचानक कसा उभा राहू?

अचानक उभे राहूच नका. शाळेच्या फाटकावर तर नाहीच. आधी आईला लेखी कळवा, नाही जमलं तर भेटीचा नवा अर्ज करा आणि सुरुवात समुपदेशकासमोर मागा. मूल विचारेल, "इतके दिवस कुठे होतात?" उत्तर दोन वाक्यांत तयार ठेवा, आणि त्यात आईचं नाव येऊ देऊ नका. केसचे कागद दाखवून आपण निर्दोष असल्याचं पटवायला जाणारे पुष्कळ असतात. बारा वर्षांच्या मुलाला ॲफिडेव्हिटं वाचायची नसतात.

१७. मी २३ वर्षांची आहे. बाबा मला लहानपणापासून भेटले नाहीत. मी शोधू का? आईला काय वाटेल?

अठरा पूर्ण झाली की कुणाच्या हुकमाची किंवा परवानगीची गरज नाही. आईला वाईट वाटू शकतं, पण चोरून केलेलं नंतर कळलं तर जास्त लागतं, सांगून करा.

शोधायला आत्या किंवा काका हा जवळचा रस्ता. घटस्फोटाच्या निकालाची नक्कल आईकडे बहुधा असते. ती वाचा. त्यात जुना पत्ता असतो, आणि भेट कुणी मागितली होती, किती मिळाली होती हेही असतं. घरात वर्षानुवर्षं ऐकलेली गोष्ट आणि तो कागद जुळेलच असं नाही, कुठल्याही बाजूने.

पहिला मेसेज चार ओळींचा ठेवा : मी कोण, कुठे असते, भेटायला आवडेल, नको असेल तर तसं कळवा. त्यांचा दुसरा संसार असू शकतो आणि त्यांच्या मुलांना तुमच्याबद्दल माहीत नसू शकतं. उत्तर न येण्याचीही शक्यता धरा. आलं, तर पहिली भेट घरी नको. एखाद्या साध्या हॉटेलात, चहापुरती, तासाभराची ठेवा. जाताना मैत्रिणीला सांगून जा आणि परतायची सोय स्वतःची असू द्या.